वायर पुरली नाही

"तिथनंच बोलंल ती. आवाज दांडगा हाय तिचा," आबा म्हणाले.

आई खाली अंगणात उभी होती. ओसरीला चार पायऱ्या. वर सतरंजी, सतरंजीवर गावातली पंधरा-वीस माणसं, मधे स्टुलावर रेडिओ केंद्राचं टेपमशीन आणि त्याच्यापुढं माईक. माईकची वायर पहिल्या पायरीपर्यंत आली आणि तिथं ताणून राहिली. पुढं पुरेना. रेकॉर्डिंग करणारे शहरातले होते, चष्मेवाले, स्वभावानं गरीब. ते म्हणाले, "वायर तिथवर नाही पुरत हो. आजींना वर घ्या ना."

कुणीतरी खाकरलं. एकानं तंबाखू मळायला घेतली. मग आबा, ओसरीचे मालक आणि गावाचे पुढारी, म्हणाले ते तुम्हाला सांगितलं.

आन् मी कुठं होते? मी वर होते. खुर्चीवर. केंद्राच्या जीपमधून उतरले होते ना मी. केंद्राच्या सल्लागार समितीची सभासद. ज्या ओसरीला माझ्या बापानं जन्मात पाय लावला नाही, तिथं मला खुर्ची दिली होती. आबा मला 'बाई' म्हणाले होते. लहानपणी 'ए भागीचे' म्हणायचे, ते आज 'बसा बाई'. मी बसले. पदर सावरून बसले.

आई खालून बोलली. मान वर करून, हात जोडून, घसा ताणून बोलली. दोन मिनिटं बोलली असेल. रेकॉर्डिंगवाल्यांनी टेप मागं फिरवून कानाला लावली आणि ते मला हळूच म्हणाले, "नुसती कुजबुज आलीय. चिमण्यांचाच आवाज जास्त." मग आमच्याबरोबर आलेले कार्यक्रम अधिकारी म्हणाले, "राहू द्या. ताई आहेतच आपल्या. त्या प्रश्न लिहून देतील व्यवस्थित."

मी मान हलवली. होय म्हणाले. चार पायऱ्या उतरून आईचा हात धरायचा आणि तिला वर आणायचं, एवढंच काम होतं. तेवढं माझ्यानं झालं नाही. खुर्ची जाईल असं वाटलं.

निघताना आईनं जीपपाशी येऊन विचारलं, "झालं व्हय? गेलं का गं माझं त्या मशिनीत?"

"गेलं, आये."

खोटं बोलले मी. माझ्या आईशी.

जीप सुरू झाली तेव्हा मी मागं वळून बघितलं. आबांची सून खुर्ची अंगणात काढून तिच्यावर तांब्या ओतत होती. ज्या खुर्चीसाठी मी गप्प बसले, ती खुर्ची माझ्या पाठीमागं धुतली.

*

मी त्या समितीत गेले कशी, ते सांगते.

मी दौंडला रेल्वे कॉलनीत राहते. आमचे हे लायनीवर गँगमन आहेत. मी सातवी पास. कॉलनीत आम्ही बायकांनी श्रोता मंडळ काढलं होतं. अकरा बायका, एक ट्रान्झिस्टर. आठवड्यातून एकदा दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा. तो ऐकायचा, त्यावर बोलायचं, काय पटलं, काय पटलं नाही, काय पुसायचंय, ते सगळं एका कार्डावर लिहून केंद्राला पाठवायचं. लिहायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं.

आणि खरं सांगते, त्या कार्डांना उत्तरं यायची. पोरांच्या अंगावर खरूज उठली तेव्हा आम्ही विचारलं, तर पुढच्या आठवड्यात एक डॉक्टरीण बाई रेडिओवर सावकाश सगळं समजावून बोलल्या. मंडळाचं नाव घेतलं. कॉलनीतल्या बायका नुसत्या उड्या मारायच्या बाकी होत्या. आमची शेजारीण म्हणाली, "बया, आपलं पण कुणी ऐकतंय की!" मलाही तसंच वाटलं. त्या डबड्यावर माझा लई जीव होता.

केंद्राचा एक नियम होता, आणि नियम चांगला होता. खेड्यांसाठीचे कार्यक्रम शहरात बसून ठरवायचे नाहीत. तालुक्या-तालुक्यातली माणसं बोलावायची, त्यांची समिती करायची. बिनपगारी. लोकांना काय पाहिजे ते त्या माणसांनी केंद्राला सांगायचं, आणि केंद्रानं ते हवेत सोडायचं. एक दिवस मला पत्र आलं. मानद सल्लागार. समितीत एक बाई लागत होती आणि एक मागासवर्गीय. मी गेले की दोन्ही रकाने एकाच खुर्चीत भरत होते.

हे तेव्हा मला उमगलं नाही. तेव्हा मी पत्र घेऊन कॉलनीभर फिरले. आमचे हे तेवढे म्हणाले, "जातीस तर जा. पर तिथं बोल. नुसती बसून येऊ नगंस."

तीन महिन्यांनी एक बैठक. सकाळच्या गाडीनं जायचं. लांब टेबल, पंखा, चहा. एक साखर कारखान्याचे संचालक, एक रिटायर झालेले शेतकी अधिकारी, एका हेडमास्तरांची बायको, आणखी दोघं-तिघं आणि मी. माझ्यापुढं एक टाईप केलेला कागद यायचा. बैठकीत काय झालं त्याचं टिपण. बैठक सुरू व्हायच्या आधीच टाईप होऊन तयार असायचं. शेवटी सह्या. मी तीन बैठकांना सही केली. वाचलं एकदाही नाही. कसं दिसेल, असं वाटायचं.

पहिल्याच बैठकीत कार्यक्रम अधिकारी मला म्हणाले, "ताई, तुमची भाषा किती शुद्ध आहे. वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते साहेबांनी सांगितलं नाही. मला कळलं. टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. आणि मला बरं वाटलं. गुदगुल्या झाल्या मेल्या. हे सांगताना आज जीभ जड होते, पण सांगायचंच म्हणून बसलेय.

*

आता विहिरीचं.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, गाव मात्र अजून जुन्याच नावानं हाक मारतं. गावाची विहीर आबांच्या ओसरीसमोर. तिच्यावर आमचा पोहरा चालत नाही. आमच्या बायका नदीत जातात. वाळूत हातानं खड्डा करायचा, पाणी पाझरून येईपर्यंत उकिडवं बसायचं, आणि वाटी-वाटीनं हंडा भरायचा. त्याला झिरा म्हणतात. एका हंड्याला उन्हाळ्यात अर्धी सकाळ जाते.

मोठ्या दुष्काळात गावाची विहीर ठणठणीत आटली. तेव्हा दुष्काळी कामात तिचा गाळ काढायचं आणि तळ खाली न्यायचं काम निघालं. गाळात उतरणार कोण? आम्हीच. माझी आई पन्नाशीची, विधवा बाई, दोराला धरून खाली उतरायची. सुरुंग लावला की वर, धूर सरला की परत खाली. पाट्या भरून वर द्यायच्या. आठ परस, म्हणजे एकावर एक आठ माणसं उभी राहतील एवढी खोल नेली ती विहीर. तळाच्या दगडात पहिला ओलावा लागला तो आईच्या तळपायाला. ती वर ओरडली, "आबा, पानी लागलं!" गावानं नारळ फोडला. आईनं खोबऱ्याचा तुकडा पदरात झेलून घेतला. वरून टाकलेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही परत नदीला.

संक्रांतीला मी माहेरी गेले तेव्हा आई मला म्हणाली, "तू त्या रेडिवत जातीस ना?"

"जाते."

"मग माझा एक सवाल घाल तिथं. म्या आबाला दोन बारीला इचारला. आबा ऐकत न्हाई. पर रेडिवचं ऐकतो त्यो. रेडिवनं सांगितलं फवारा मार, तर मारला. रेडिवनं सांगितलं दुसरं बी पेर, तर पेरलं. समदं गाव बसतं की ओसरीवर, कान दिऊन. माझ्या त्वांडानं ऐकत न्हाईत ना? मग रेडिवच्या त्वांडानं ऐकतील."

एवढी साधी गोष्ट. सल्लागार समितीत बसून मला जी सुचली नाही, ती माझ्या अडाणी आईला सुचली. मी म्हटलं, सांग तुझा सवाल. तिनं सांगितला तो असा:

"हिरीतला गाळ काढाया आमी आत उतरलो, तवा हीर बाटली न्हाई. आमचं पाय तिच्या तळाला लागलं, आमचा घाम तिच्यात पडला, तवाबी बाटली न्हाई. मंग आता पानी आल्यावर आमच्या पोहऱ्यानं ती बाटती कशी? हे आबाला इचारा."

मला ऐकूनच भरून आलं. मी म्हटलं, आये, हे तुझ्याच आवाजात जाऊ दे. मी केंद्रात सांगून जीप आणते. आणि आणली की! तीन महिने मागं लागून, 'ग्रामीण भगिनींशी वार्तालाप' असं नाव देऊन आणली. पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच. चार पायऱ्या आणि एक वायर.

*

दौंडला परत आल्यावर मी केंद्राचं कार्ड घेऊन बसले. आईचा सवाल माझ्या कानात जसाच्या तसा होता. दोनदा लिहिला. दोनदा फाडला.

'बाटली' हा शब्द लिहिला की टेबलाभोवतीची तोंडं डोळ्यांपुढं यायची. संचालक भुवया वर करतील. साहेब म्हणतील, ताई, तुम्ही सुद्धा? आणि 'आबाला इचारा' असं कसं लिहायचं? गावाचा पुढारी तो. असं लिहिलं तर घेणारच नाहीत, मग लिहून उपयोग काय, असं मी माझ्या मनाला समजावलं. शहाणी ना मी. थोडं मऊ करून लिहिलं तर निदान पाण्याचं नाव तरी निघेल. आणि मग मी माझ्या सुंदर अक्षरात, आईच्या नावानं लिहिलं:

'उन्हाळ्यात आमच्या वस्तीस पिण्याच्या पाण्याची गैरसोय भासते. तरी योग्य तो उपाय सुचवावा. आपली नम्र, भागूबाई.'

लिहून झाल्यावर मी ते परत परत वाचलं. कसं छान जमलंय असं वाटलं. मग पेटीत टाकलं.

कार्यक्रम ठरल्याचं मला केंद्राकडून कळलं. गुरुवार, संध्याकाळी. मी एसटीनं शिरूरच्या वाटेला लागले, पुढं चालत. बरोबर कॉलनीतला ट्रान्झिस्टर घेतला होता. म्हटलं, आईला तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी बसून ऐकवू. आई ऐकेना.

"न्हाई बाई. मला वसरीवरच जायचंय."

"आये, तिथं खाली बसावं लागतं. हितं बसून ऐक की निवांत."

"रेडिव तर ऐकंनच. पर आबा ऐकताना त्याचं त्वांड मला बघायचंय."

तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. वस्तीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. पंधरा जणी निघाल्या आमच्याबरोबर, दोघी तर कडेवर लेकरं घेऊन. आम्ही अंगणात बसलो, पायऱ्यांपासून लांब. वर गावच्या श्रोता मंडळाचा रेडिओ. सरकारनं गावाला दिलेला, पण राहायला आबांच्या घरी. आई सगळ्यात पुढं बसली होती, मान उंच करून, डोळे आबांवर.

आधी बाजारभाव झाले. मग बी-बियाणं. मग निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "आता श्रोत्यांचे प्रश्न. शिरूर तालुक्यातील सौभाग्यवती भागूबाई यांनी विचारलं आहे..."

सौभाग्यवती. माझा बाप मरून बारा वर्षं झाली होती. बायकांनी आईच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि माना खाली घातल्या. आई तशीच बसून. तिला वाटलं, आता माझा आवाज येईल. मीच सांगितलं होतं ना, मशिनीत गेला म्हणून.

आवाज आला तो निवेदिकेचा. गैरसोय भासते. योग्य तो उपाय. मग एक तज्ज्ञ बोलले. पाणी उकळून, गार करून, चौपदरी फडक्यानं गाळून प्यावं. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकावी. अधिक माहितीसाठी गावच्या श्रोता मंडळाच्या अध्यक्षांना भेटावं.

अध्यक्ष म्हणजे आबा.

ओसरीवर हशा पिकला. आबा पोट धरून हसले. "वा गं भागे! मला भेट म्हणत्यात. आली की भेटायला! जा आता, पानी उकळून पी." हसण्यात वाईटपणा सुद्धा नव्हता हो, जत्रेत हसतात तसं मोकळं हसले. आईला आबांचं तोंड बघायचं होतं. ते तिनं असं बघितलं.

मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"हे म्या न्हवतं इचारलं," ती म्हणाली.

*

ती पुढं चालत घरी निघाली, मी मागं. बायका एक एक करून आपापल्या घराकडं वळल्या. मला कुणी काही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं. आई चुलीपाशी बसली. मी सगळं कबूल केलं. टेपचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं. त्यांनी घेतलंच नसतं गं आये, म्हणून मऊ केलं, असं म्हणाले. ती ऐकत होती. लाकूड पुढं सारत होती.

शेवटी म्हणाली, "आबानं मला लांब हुबी केली. ते मला नवं न्हाई. पर माझं त्वांड माझ्यापाशी हुतं. तू ते पुसून घेतलंस, पोरी. आन् त्यांचं लावून दिलंस."

मी रडले. पाय धरले. ती मला उठवून म्हणाली, "जेव. गाडी गाठायचीय तुला सकाळी." भाकर वाढली. माझ्या ताटलीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, झिऱ्याचा, तळाला वाळू साचलेला. मला तो तांब्या आजही दिसतो.

वैशाखात झिरे खाली खाली गेले. पाणी गढूळ, वास मारणारं. वस्तीत हगवण-वांतीची साथ लागली. मला निरोप मिळाला तेव्हा आईला बैलगाडीत घालून शिरूरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तर ती नुसती चिपाड होऊन पडली होती. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "पाणी उकळून पीत नाही तुम्ही लोक. किती सांगायचं?" ते सांगायला मीच लावलं होतं, रेडिओवरून, आईच्या नावानं.

दुपारी तिला थोडी शुद्ध आली. मी चमच्यानं पाणी पाजलं. तिनं ओठ चाटले.

"ग्वाड हाय. कुठलं गं?"

"नळाचं, आये. दवाखान्याच्या नळाचं."

"तुला कुनी भरू दिलं?"

मी म्हटलं, इथं कुणीही भरतं. तिला खरं वाटलं की नाही कुणास ठाऊक. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता ना आता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आम्ही तिला नदीच्या काठाला पोचवलं, झिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

*

ज्येष्ठात केंद्राची बैठक होती. आमचे हे म्हणाले, "नगं जाऊस." मी गेले.

तेच टेबल, तोच पंखा, तोच चहा. साहेबांनी माझं सांत्वन केलं. मनापासून केलं असेल, मी नाही म्हणत नाही. मग कागद फिरला. या वेळी मी तो वाचला. पहिल्यांदा. सातव्या ओळीत लिहिलं होतं: 'शिरूर तालुक्यातील भगिनीच्या पाणीविषयक प्रश्नास तज्ज्ञांमार्फत उत्तर देण्यात आले. श्रोत्यांनी समाधान व्यक्त केले.'

मी म्हटलं, "साहेब, समाधान कुणी व्यक्त केलं?"

"म्हणजे?"

"नाव सांगा. कुणी केलं?"

"ताई, ही लिहायची पद्धत असते."

मी उभी राहिले. म्हटलं, प्रश्न चुकीचा लिहिला होता. चूक माझी आहे. बरोबर काय होता ते ऐका. आणि मी माझ्या आईचा सवाल बोलले. हिरीतला गाळ काढाया आमी आत उतरलो, तवा हीर बाटली न्हाई. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. तिच्या तोंडचा, तिच्या बोलीत, तिच्या आवाजाच्या उंचीनं. त्या खोलीत पंखा सुद्धा मोठ्यानं फिरायला लागला असं मला वाटलं.

हेडमास्तरांच्या बायकोनं डोळे पुसले. एवढंच. संचालक म्हणाले, "बाई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. तुम्ही असं बोलायचं?" साहेब हळू आवाजात म्हणाले, "विषय नाजूक आहे. हा प्रश्न नाही, तक्रार आहे. तक्रारीची जागा वेगळी असते. रेडिओवर गावाची एकी दिसायला हवी."

"गावाची एकी म्हणजे कुणाची, साहेब?"

त्यांनी पेन माझ्यापुढं सरकवलं. "सही करा, ताई. आपण नंतर बोलू."

मी पेन घेतलं. सातव्या ओळीवर काट मारली, आणि सहीच्या जागी लिहिलं: 'भागूबाई मेली. तिनं समाधान व्यक्त केलं नाही.' अक्षर वाकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर वाकडं आलं, आणि मी ते सुधारलं नाही.

बाहेर पडताना बोळातल्या खुंट्यांवर वायरींची वेटोळी टांगलेली दिसली. चांगली लांब लांब. एक वेटोळं जीपमध्ये टाकलं असतं तर अंगणापर्यंत सहज गेलं असतं. पण वायरीचं काही नव्हतंच ते. वायर कितीही लांब असती, आबा म्हणाले असते, तिथनंच बोलंल ती. आणि मी वर बसून मान हलवली असती.

पंधरा दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. माझी मुदत संपली होती. माझ्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते.

*

कॉलनीतलं आमचं मंडळ मी मोडलं नाही. कार्डं अजून लिहिते. फक्त आता बाई बोलेल तसं लिहिते आणि तिला परत वाचून दाखवते. ती "व्हय, हे म्या बोलले" म्हणाल्याशिवाय कार्ड पेटीत जात नाही. केंद्र त्यातलं काही लावत नाही. न लावू दे. कार्डं जात राहतील.

पण आईचा सवाल कार्डावर मावणारा नाही.

तिचं घर आवरायला गेले तेव्हा मला एक कळलं. आईच्या घरात वाटी होती, हंडा होता, एक जुना पोहराही होता, दुष्काळी कामातला, चेपलेला. दोर नव्हता. झिऱ्याला दोर लागत नाही. वस्तीत एकाही घरात दोर नव्हता. पिढ्यान् पिढ्या आम्हाला पाणी शेंदायला दोर लागलाच नव्हता.

मी त्या पंधरा जणींना बोलावलं. ज्या त्या संध्याकाळी आईबरोबर अंगणात बसल्या होत्या त्याच. मी आधी त्यांच्यापुढं माझी चूक बोलले. मग दोराचं बोलले. दोघी घाबरल्या, घरी गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. तेरा राहिल्या. बांधावरचा घायपात कापला, कुजवला, बडवला, वाखाचे धागे काढले आणि दोर वळायला बसलो. आईबरोबर विहिरीत उतरलेली एक म्हातारी आहे, ती म्हणाली, "किती लांब वळायचा ते कुनाला पुसू नगा. आठ परस. आन् कठड्यावरून वर यायला आनखी एक. म्या मोजलीय ती, खाली उतरून."

दोर झालाय. काल संपला. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आलेत.

आज बुधवार. उद्या गुरुवार. संध्याकाळी आबांची ओसरी भरलेली असेल, रेडिओ लागलेला असेल, बाजारभाव चाललेले असतील. तेव्हाच आम्ही जाणार. लपून नाही, पहाटे नाही. अंगणात बसायला नाही. सरळ विहिरीवर. पहिला पोहरा मी सोडणार, आईचा, चेपलेला. आबा काय करतील ते करोत. मारतील. वस्तीला काम देणार नाहीत. पोलीस आणतील. सगळं धरून चाललोय आम्ही.

पोहरा वर आला की मी आधी पाणी पिणार नाही. आधी ओसरीकडं तोंड करून आईचा सवाल बोलणार, जसाच्या तसा. आणि बोलताना आबांचं तोंड बघणार.

आईला ते बघायचं होतं.